गुरुवारी धुतलेल्या तीन चटया

१

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मांजरांच्या वसतिगृहाच्या ग्रुपवर निरोप आला आणि दोन वाजायच्या आत वहिनींची तीन कामं गेली.

निरोप असा होता: ‘सर्व मांजरपालकांना कळवण्यास अत्यंत खेद होतो, की आमच्या सफाईच्या बाईंनी वापरलेल्या घरगुती द्रावणामुळे तीन मांजरांना विषबाधा झाली आहे. सदर बाईंना तात्काळ कामावरून कमी करण्यात आले आहे. तरी आपणही सावध राहावे.’ खाली हात जोडल्याचं चित्र. माणसाच्या पोटावर पाय द्यायचा आणि वर हात जोडायचे, ही पद्धत कोणी काढली कोण जाणे.

वहिनी ज्या दातांच्या दवाखान्यात सफाई करत, तिथल्या डॉक्टरांचंही मांजर होतं; तिथून लगेच फोन आला, उद्यापासून येऊ नका. दोन मांजरं असलेल्या एका घरातून तर फोनही नाही, नुसतं ‘नको’ एवढंच लिहून आलं. वहिनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिल्या. सहा वर्षं त्या हेच काम करत होत्या आणि सहा वर्षांत एका मांजराला साधी शिंक आली नव्हती.

“वन्सं,” त्या म्हणाल्या, “माझ्या हातून चुकून काही पडलं असेल का हो त्यात?”

“चुकून पडायला तुमच्याकडे आहे काय?” आत्याबाई ताडकन म्हणाल्या. “पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी दोन भाग, बिनवासाच्या साबणाचे चार थेंब. वाळूच्या ट्रेला खायचा सोडा. मीच तर शिकवलंय.”

आत्याबाई म्हणजे वहिनींची धाकटी नणंद. भाऊ गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आत्याबाईंनी बत्तीस वर्षं पाण्याचे नमुने तपासले होते, आणि यंत्राच्या आधी त्यांचं नाक निकाल देतं असं तिथले लोक म्हणत. मांजर हा प्राणी त्यांना अजिबात आवडत नसे. आगाऊ, उपटसुंभ आणि केसाळ, असं त्यांचं मांजरांबद्दलचं मत होतं. पण खोटा आरोप त्यांना मांजराहून जास्त नावडायचा.

त्यांनी चपला घातल्या. “उठा, वहिनी. आधी मांजरांच्या डॉक्टरकडे.”

“पण मला कामावरून काढलंय.”

“म्हणूनच. आता तुम्हाला वेळच वेळ आहे.”

२

मांजरांची डॉक्टर तरुण होती आणि तिच्या अंगावरचा कोट सकाळपासून बदललेला दिसत नव्हता. वहिनींना पाहून तिने तोंड फिरवलं नाही, ही पहिली बरी गोष्ट.

“व्हिनेगर-पाण्याने असं होत नाही,” ती म्हणाली. “मी त्यांना फोनवर तेच सांगितलं. तर म्हणाल्या, बाईने आत काय मिसळलं ते देवाला ठाऊक. तोंडाला लाळ, चालताना झोकांड्या, अंग गार पडलंय. पोटात काहीतरी गेलंय. काय गेलंय तेवढं कुणी सांगितलं तर मला नेमकं काही करता येईल. आत्ता मी सलाईन लावून बसलेय.”

आतल्या खोलीत तीन पिंजरे होते. एकात तांबडा बोका, एकात पांढरी मांजर, तिसऱ्यात काळी. काळी सगळ्यात वाईट होती. तिचे डोळे अर्धवट उघडे होते आणि श्वास मोजता येईल इतका हळू चालला होता.

आत्याबाईंनी पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावलं आणि झटकन मागे घेतलं. “हे अंगाला काय लावलंय?”

“व्हिनेगर. आणलं तेव्हा तिघांच्या अंगाला भपकारा मारत होता. त्यामुळे मलाही क्षणभर वाटलं, की बाई...” डॉक्टर थांबली.

“मी मांजराच्या अंगाला कधीच लावत नाही!” वहिनी पहिल्यांदाच आवाज चढवून बोलल्या. “मांजर बाहेर काढायचं, खण पुसायचा, मग साध्या पाण्याने पुसायचा, मग कोरडं फडकं. तो वाळल्यावर मांजर आत. सहा वर्षं हेच.”

“किती वाजता संपलं तुमचं?” आत्याबाईंनी विचारलं.

“नऊला.”

“आणि यांना इथे कधी आणलं?”

“पाऊण वाजता,” डॉक्टर म्हणाली.

आत्याबाईंनी बोटांवर तास मोजले. व्हिनेगर वाळलं की त्याचा वास तासाभरात उडतो, हे ज्याने एकदा फरशी पुसली आहे त्यालाही माहीत असतं. नऊला पुसलेलं व्हिनेगर पाऊण वाजता भपकारा मारत नाही. म्हणजे नऊनंतर कुणीतरी ती बाटली उचलली होती आणि आजारी मांजरांच्या अंगावर रिकामी केली होती.

वहिनी मात्र काळीच्या पिंजऱ्यापाशी खिळल्या होत्या. पिंजऱ्याला लावलेल्या कागदाकडे त्यांनी बोट दाखवलं.

“वन्सं, यावर ‘चिंधी’ लिहिलंय.”

“मग?”

“ही चिंधी नाही. चिंधी तीनरंगी आहे. ही काजळ. बहिरी आहे बिचारी. हिला चिंधी म्हणून इथे आणलं तरी कुणी?”

३

आणलं होतं साहेबांनी. साहेब म्हणजे मालकीणबाईंचा नवरा. नोकरी सोडून तीन आठवड्यांपूर्वी ते वसतिगृहाच्या काउंटरवर बसायला लागले होते. चिंधीच्या घरी फोन करून ‘तुमचं मांजर आजारी आहे’ असंही त्यांनी कळवलं होतं. काजळच्या माणसाला कुणीच काही सांगितलं नव्हतं. वहिनींनी दवाखान्यातूनच त्याला फोन लावला. तो एक म्हातारा घड्याळजी होता, बहिणीकडे गेला होता आणि तिथून यायला त्याला चार तास लागणार होते. “निघतो,” एवढंच तो म्हणाला.

वसतिगृहात मालकीणबाई काउंटरमागे उभ्या होत्या. कपडे चापूनचोपून, चेहरा दुःखी, आणि दुःखसुद्धा इस्त्री केलेलं.

“बाई, तुम्ही इथे यायला नको होतं,” त्या वहिनींना म्हणाल्या. “माझी किती बदनामी झालीय, कल्पना आहे?”

“तुमची?” आत्याबाई म्हणाल्या. “वा! ती बाटली कुठे आहे?”

बाटली मोरीत खिडकीपाशी होती; बाहेर दोरीवर तीन चटया वाळत होत्या. सकाळी वहिनींनी ती अर्धी भरलेली ठेवली होती. आता तळाशी दोन बोटं उरलं होतं. आत्याबाईंनी ते आपल्या तळहातावर फवारलं, हुंगलं आणि सगळ्यांदेखत चाटलं.

“अहो, अहो!” साहेब ओरडले. “विष आहे ते!”

“व्हिनेगर आहे, पाणी आहे आणि साबण आहे,” आत्याबाई तोंड वाकडं करत म्हणाल्या. “मी मेले तर खुशाल वहिनींना पकडा. यातलं अर्धं गेलं कुठे?”

“मला काय माहीत?” मालकीणबाई म्हणाल्या. “बिनलेबलची बाटली. आज यात एक असेल, उद्या दुसरं. घरगुती वस्तूंवर विश्वास ठेवला हेच माझं चुकलं.”

आत्याबाईंच्या डोक्याची शीर उडायला लागली. ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवलेला होता: मांजरांजवळ फिनेल नको, ब्लीच नको, वासाची तेलं नकोत. खाली मालकीणबाईंची सही. तो कागद वाचून वहिनींनी सहा वर्षांपूर्वी बाजारची पाच औषधं फेकून दिली होती आणि घरचं द्रावण करायला सुरुवात केली होती. तेव्हा ग्राहकांना तीच गोष्ट कौतुकाने सांगितली जायची.

काउंटरवर सूचनांची वही होती. आत्याबाईंनी ती उघडली. गेल्या पंधरवड्यात तिघांनी एकच तक्रार लिहिली होती: मांजर घरी नेलं की त्याला आंबट वास येतो.

मग त्या मांजरांच्या खोलीत गेल्या. भिंतीला बारा लाकडी खण होते, दोन रांगांत, प्रत्येकाला जाळीचं दार. त्यांतल्या आठांच्या दारावर चिमट्याने लावलेली चिठ्ठी: मांजराचं नाव, फोन, आल्याची तारीख, जायची तारीख. चिठ्ठी असूनही दोन, सात आणि अकरा हे खण रिकामे होते. अकराव्या खणावर ‘चिंधी’ अशी चिठ्ठी होती. आणि चौथ्या खणात, ‘काजळ’ लिहिलेल्या चिठ्ठीमागे, एक तीनरंगी मांजर मजेत पंजा चाटत बसलं होतं.

“ही काय भानगड आहे?” आत्याबाईंनी विचारलं.

“मीच हलवलं,” वहिनी म्हणाल्या. “अकराव्या खणाच्या मागे धुलाईयंत्र आहे. ते सुरू झालं की चिंधी थरथर कापते. काजळला ऐकूच येत नाही, म्हणून आज सकाळी दोघींची अदलाबदल केली.”

“आणि चिठ्ठ्या?”

“चिठ्ठ्यांना मी हात लावायचा नाही, असा नियम आहे. एकदा माझ्या ओल्या हाताने शाई पसरली होती. म्हणून मी मालकीणबाईंना सात वाजताच सांगितलं.”

“सांगितलं होतं?” आत्याबाईंनी वळून विचारलं.

“हो, सांगितलं होतं,” मालकीणबाई फणकाऱ्याने म्हणाल्या. “माझ्या लक्षात आहे. त्याचा इथे काय संबंध?”

संबंध काय, ते आत्याबाईंना तेव्हा सांगता आलं नसतं. पण आपण आत्ता फार मोलाचं काहीतरी ऐकलं, एवढं त्यांना कळलं.

४

“आज इथे आणखी कोण कोण आलं होतं?” हे आत्याबाईंनी साहेबांना विचारलं, कारण मालकीणबाई फोनवर ग्राहकांचं सांत्वन करत होत्या.

“झुरळवाला,” साहेब म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. “अरेच्चा! त्याच्याकडे तर खरंखुरं विष असतं. दहाच्या सुमाराला आला होता. ही बँकेत गेली होती, बाराला परत आली.”

झुरळवाल्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. तो खुर्चीवर पाय घेऊन पेपर वाचत होता. प्रश्न ऐकून तो भडकलाच.

“बाई, आता फवारा मारतं कोण? सुईने पेस्टचे ठिपके देतो, डाळीच्या दाण्याएवढे. ऑफिसात आणि मोरीच्या कपाटात. मांजरांच्या खोलीत मी पाऊलही टाकलं नाही. आणि समजा मी टाकलं, तर तीनच मांजरांना कसं काय होईल? माझं काय त्या तिघांशी वैर आहे?”

तीनच मांजरांना कसं काय होईल! आत्याबाई मघापासून ज्या दगडावर ठेचकाळत होत्या तो हाच. वहिनींनी आठही खण एकाच बाटलीने पुसले होते. दोष बाटलीत असता तर आठही मांजरं लोळली असती. दोन, सात आणि अकरा हे खण एकमेकांच्या शेजारीही नव्हते. मग हीच तीन का?

“जाताना काही वेगळं दिसलं का हो?” वहिनींनी विचारलं.

“दिसलं नाही. वास आला,” झुरळवाला म्हणाला. “आलो तेव्हा कसलाच नव्हता. निघालो साडेदहाला, तर आतून मस्त झुळूक. सर्दी झाली की रुमालावर थेंब टाकतात ना, तसला. मी म्हटलं, वा, आज मांजरांची बडदास्त आहे.”

आत्याबाई दुकानाच्या पायरीवरच थांबल्या.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “खणात मांजर बसतं कशावर?”

“चटईवर. जाडी सुती चटई असते.”

“आणि तुम्ही चटया कधी धुता?”

“बुधवारी आणि शनिवारी. काल आठही धुतल्या.”

“मग आज गुरुवारी मागच्या दोरीवर तीन चटया ओल्या कशा?”

वहिनींनी डोळे विस्फारले. मघाशी मोरीच्या खिडकीतून दोघींनीही ती दोरी पाहिली होती. पाहून सोडून दिली होती.

५

मागच्या अंगणात जायला वसतिगृहाला वळसा घालून एक बोळ होता. चटया दोरीवर नुसत्या फेकल्यासारख्या टाकल्या होत्या आणि त्यांच्या टोकांतून अजून पाणी ठिबकत होतं.

“या मी वाळत घातल्या नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “मी पिळून, झटकून, दोन चिमटे लावते. हा हात ज्याने कधी चटई धुतली नाही त्याचा आहे.”

आत्याबाईंनी पहिली चटई चेहऱ्याशी धरली. वरवर कपड्यांच्या साबणाचा वास होता, गरम पाण्यात बुडवल्याचा होता. त्यांनी चटई मुडपली, आतली शिवण उसवली आणि तिथे नाक खुपसलं. बत्तीस वर्षांत त्यांनी पाण्यातला गंज ओळखला होता, सडका पाला ओळखला होता, एकदा टाकीत पडलेली उंदराची पिल्लंही ओळखली होती. हे तर त्यांच्या मानाने काहीच नव्हतं. तेल पाण्याने जात नाही, ते शिवणीत दबा धरून बसतं.

त्यांनी तिथूनच डॉक्टरला फोन केला.

“निलगिरीचं तेल,” त्या म्हणाल्या. “चटयांवर टाकलं होतं. मांजरं त्यावर तासदीड तास बसली असणार.”

पलीकडून डॉक्टरने जो शब्द उच्चारला तो दवाखान्यात उच्चारायचा नसतो. “अहो, ते अंगाला लागलं की मांजर चाटून साफ करतं आणि सगळं पोटात जातं! त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही. म्हणजे त्यांच्या केसांत ते अजूनही आहे, आणि मी चार तास नुसती सलाईन लावून बसलेय! ठेवा फोन, तिघांना आधी साबणाने धुते.”

फोन बंद झाला. वहिनी चटईकडे बघत उभ्या होत्या.

“म्हणजे कुणीतरी चटया धुतल्या,” त्या हळूच म्हणाल्या, “पण मांजरं तशीच ठेवली.”

“तशीच नाही ठेवली. तेलाचा वास झाकायला त्यांच्यावर तुमचं व्हिनेगर ओतलं,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. रागाने कापणारा आवाज वहिनींनी त्यांच्या तोंडून यापूर्वी एकदाच ऐकला होता, आणि त्यानंतर पाणीखात्यातल्या एका मोठ्या साहेबाची बदली झाली होती.

६

मालकीणबाई काउंटरवर, साहेब शेजारच्या खुर्चीवर. आत्याबाईंनी ती ओली चटई थेट सूचनांच्या वहीवर टाकली.

“हे काय!” मालकीणबाई ओरडल्या.

“बसा आणि ऐका. साहेब, दवाखान्यात तुम्ही कोणती मांजरं नेलीत?”

“पठ्ठ्या, साय आणि चिंधी,” साहेब म्हणाले.

“चिंधी आत चौथ्या खणात बसलीय. तुम्ही नेलीत ती काजळ.”

“असेल बुवा. मला सगळी सारखीच. मी चिठ्ठी वाचतो.”

“तेच म्हणतेय मी. हे ज्याने केलं त्यानेही चिठ्ठीच वाचली. खणांवरच्या आठांपैकी तीन चिठ्ठ्यांवर जायची तारीख आजची आहे. दोन, सात आणि अकरा. घरी जाणाऱ्या मांजरांच्या चटयांवर वास शिंपडला, कारण वहीत तक्रारी होत्या, की मांजर घरी नेलं की आंबट वास येतो. पण अकराव्या खणात आज चिंधी नव्हतीच; ज्याला ते माहीत होतं त्याने तेल चौथ्या खणात टाकलं असतं. वहिनींना ते माहीत होतं, कारण त्यांनीच हलवलं. मालकीणबाईंना माहीत होतं, त्यांनी मघाशी माझ्यासमोर कबूल केलं. झुरळवाल्याला कोण कधी जाणार याच्याशी देणंघेणं नाही. चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस या घरात एकच आहे.”

साहेब बावचळले. लपवाछपवी त्यांच्या चेहऱ्याला जमतच नव्हती. त्यांनी खिशातून एक छोटी तपकिरी बाटली काढली. तिच्यावर हिरवं पान छापलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, शंभर टक्के नैसर्गिक.

“मी टाकलं,” ते म्हणाले. “दहा-दहा थेंब. लोकांना बरं वाटावं म्हणून. पण याने कसं काही होईल? नैसर्गिक आहे. मी हिला बाराला आल्या आल्या सांगितलं. ही म्हणाली, त्याने काही होत नाही, ते बाईचं द्रावणच आहे, तुम्ही गप्प राहा.”

“तुम्ही भिंतीवरचा कागद वाचला नाहीत?” वहिनींनी विचारलं.

“तो तुमच्यासाठी आहे ना? सफाईवाल्यांसाठी.”

आत्याबाई मालकीणबाईंकडे वळल्या. “हे चुकले, अडाणीपणाने चुकले. तुमच्या तर त्या कागदावर सही आहे. बाराला तुम्हाला वास आला, कारण कळलं, औषध काय करायचं तेही डॉक्टरला एका फोनवर विचारता आलं असतं. तुम्ही काय केलंत? वहिनींच्या बाटलीतलं व्हिनेगर मांजरांना फासलंत. नवऱ्याला गाडी घेऊन पाठवलंत. घरात एकट्या राहिलात, जन्मात पहिल्यांदा तीन चटया धुतल्यात आणि हात पुसून ग्रुपवर निरोप लिहिलात. ही चारही कामं तुमच्याच हातची. साहेब गाडी घेऊन गेल्यावर इथे दुसरं कुणी नव्हतंच!”

 तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. डॉक्टर होती. वहिनींनी ऐकलं, हं म्हणाल्या, आणि फोन खाली ठेवला.

“पठ्ठ्या आणि साय सावरतायत,” त्या म्हणाल्या. “काजळ गेली. डॉक्टर म्हणाल्या, दुपारी बाराला कळलं असतं तर वाचवली असती.”

७

 वहिनी स्वतःशीच म्हणाल्या, “मी हलवलं नसतं तर ती त्या खणात नसती.”

आणि मालकीणबाईंनी मान वर केली. “तेच तर! हलवलं हिनेच ना? मी सांगितलं होतं का हलवायला?”

आत्याबाईंचा हात शिवशिवला. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला हात, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. पण त्यांना काही करावं लागलं नाही. साहेब उठले, त्यांनी बायकोच्या हातातून फोन काढून घेतला आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. त्यांना वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्याने वाचलं: ‘मांजरांच्या चटयांवर निलगिरीचं तेल मी टाकलं. माझ्या बायकोला ते बारा वाजता कळलं आणि तिने लपवलं. काजळ त्यामुळे गेली. सफाईच्या बाईंचं द्रावण निर्दोष आहे, त्यांची काहीही चूक नाही.’

“असं लिहिलंत तर उद्या दार उघडायला नको!” मालकीणबाई किंचाळल्या.

“नको तर नको,” साहेब म्हणाले आणि त्यांनी निरोप पाठवला. मालकीणबाई आतल्या खोलीत गेल्या. दार धाडकन लागलं.

दहा मिनिटांत दातांच्या दवाखान्यातून फोन आला. गैरसमज झाला, उद्या नेहमीच्या वेळेला या. वहिनी ‘बरं’ म्हणाल्या. दुपारी ज्यांनी एका वाक्यात हाकललं त्यांनीच संध्याकाळी एका वाक्यात परत बोलावलं, आणि मधल्या पाच तासांचं कुणालाच काही वाटलं नाही. आत्याबाईंना मात्र फार वाटलं.

सात वाजायच्या सुमाराला घड्याळजी आला. हातात बाहेरगावची पिशवी, श्वास लागलेला. ग्रुप वगैरे तो वाचत नसे. त्याने काउंटरकडे पाहिलं, तिथे साहेब होते. साहेबांनी तोंड उघडलं आणि त्यांना रडू आलं, तेव्हा म्हाताऱ्याला काय ते कळलं.

“तिच्याकडे बघणारं कोण होतं?” त्याने विचारलं.

कुणी काही म्हणायच्या आत वहिनी पुढे झाल्या. “मी. सकाळी मीच तिला अकराव्या खणात ठेवलं. तिथल्या चटईवर नंतर तेल पडलं. मला माहीत नव्हतं, पण ठेवलं मीच.”

“त्रास झाला का तिला?”

“झाला,” वहिनी म्हणाल्या. खोटं सांगणं सोपं होतं. त्यांनी सांगितलं नाही.

म्हातारा बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला. “तिला ऐकू यायचं नाही,” तो म्हणाला. “तुम्ही हाक कशी मारायचा?”

“जमिनीवर दोनदा थाप द्यायची. मग यायची, जिथे असेल तिथून. पायात घोटाळायची.”

“मी पण तसंच करायचो,” म्हातारा म्हणाला. तो मटकन खाली बसला, आणि वहिनी त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या.

आत्याबाई ते बघत उभ्या राहिल्या. दिवसभरात या घरात काय काय घडलं होतं, आणि दोष घ्यायला पुढे आली ती कोण, तर जिचा कणभरही दोष नव्हता ती बाई. नवरा निदान रडला. जिने बारा वाजल्यापासून सगळं जाणून एक जीव जाऊ दिला, ती दाराआड बसून होती आणि बहुधा हे सगळं ऐकत होती.

त्या आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या. कडी लावलेली नव्हती. त्यांनी दार सताड उघडलं. मालकीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या.

“बाहेर या,” आत्याबाई म्हणाल्या. “मांजराचा माणूस आलाय.”

“मी काय सांगू त्यांना?”

“बारा वाजता काय कळलं, ते. आणि मग काय केलंत, ते. दुसऱ्या कुणी सांगून चालणार नाही.”

मालकीणबाई हलल्या नाहीत. आत्याबाईंनीही दार सोडलं नाही. एका हाताने ते धरून त्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि पुष्कळ वेळाने मालकीणबाई उठून बाहेर आल्या.